मळ्यातले फोटो आणि त्याआधीचे तीन आठवडे

मागच्या दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता सासूबाईंनी सहज म्हणून एक मागणी केली. ‘आपल्या सगळ्यांचा एक धड फोटो काढून घ्या,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यातल्या ‘धड’ या शब्दावरचा जोर आम्हा नवरा-बायकोला बरोबर कळला. घरात फोटो नव्हते असे नाही. मोबाइलमध्ये हजारो होते, पण प्रत्येकात फोटो काढणारा गैरहजर होता, आणि सासू-सासरे, आम्ही दोघे, सात वर्षांची लेक व अडीच वर्षांचा धाकटा अशी सहाही माणसे असलेला, भिंतीवर लावावा असा फोटो शोधूनही सापडत नव्हता.

तसा एक प्रयत्न आम्ही पूर्वी केला होता. लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला तिला एका स्टुडिओत नेले होते. रविवारी दुपारी बाराची वेळ घेतलेली, अंगात पहिल्यांदाच घातलेला जाळीदार फ्रॉक, पोटात सकाळचे अर्धे थालीपीठ, समोर लखलखणारे दिवे आणि दिव्यांच्या मागे रांगेने उभे राहून ‘हस, अगं हस, दात दिसू देत’ असे एकाच वेळी ओरडणारे आम्ही सगळे. घरात दिवसभर खिदळणारी मुलगी तिथे शाळेत प्रतिज्ञा म्हणायला उभी राहावी तशी ताठ झाली, आणि पाचव्या मिनिटाला जे रडू फुटले ते गाडीत बसेपर्यंत थांबले नाही. हाती जे फोटो आले, त्यांत ती हसते आहे खरी, पण कोणीतरी मागून चिमटा काढत असावे असे ते हसू आहे. स्टुडिओवाल्यांचा त्यात दोष नव्हता, हे मला आता प्रामाणिकपणे म्हणता येते. भुकेलेले, काचणाऱ्या कपड्यांतले, जेवणाच्या वेळी उचलून आणलेले मूल कोणत्याही कॅमेऱ्यासमोर उभे केले, तरी तसेच दिसणार.

म्हणून या वेळी आम्ही स्टुडिओ सोडून दिला आणि कुटुंबांचे फोटो बाहेर, मोकळ्या जागेत काढणाऱ्या एका छायाचित्रकार बाईंना घरी चहाला बोलावले. त्या येतील, कपड्यांचा रंग विचारतील, पाठमोऱ्या, हातात हात धरलेल्या वगैरे पोझच्या नमुन्यांचे फोटो दाखवतील, अशी माझी कल्पना होती. त्यांनी विचारले ते असे: धाकटा दुपारी किती वाजता झोपतो, उठल्यावर किती वेळ चिडचिडा असतो, आणि मुले एकटी सोडली की काय करत बसतात. मी म्हटले, ‘पण वेळ कोणती ठेवायची?’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘ताई, वेळ मी नाही सांगणार, ती तुमचा मुलगा सांगेल. उजेडाचं मी बघते.’ एवढ्यात धाकट्याने त्यांच्या पर्सची चेन उघडून आतला कंगवा सोफ्याखाली ढकलला होता. त्या अजिबात हलल्या नाहीत. ही बाई आपल्या कामाची, हे मी तिथेच ठरवले.

वेळेचा हिशेब वाटला त्यापेक्षा गुंतागुंतीचा निघाला. बाहेर फोटो काढायचे, तर सूर्य खाली असतानाच काढावेत हे सगळेच सांगतात, पण त्यामागचे कारण मला त्यांच्याकडून नीट कळले. सूर्य क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश हवेच्या बऱ्याच जाड थरातून येतो, त्यातला निळा भाग वाटेत विखुरला जातो आणि उरतो तो मऊ, पिवळसर उजेड. शिवाय तो समोरून किंवा बाजूने येत असल्यामुळे डोळ्यांखाली काळ्या खाचा पडत नाहीत. नाशिकला हिवाळ्यात याबाबत थोडी सूट मिळते. आपल्याकडे मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली गडप होते, पण डिसेंबरमध्ये तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवरच असतो. त्यामुळे साडेतीन-चार वाजल्यापासूनच उजेड कलायला लागतो.

मग सकाळ की संध्याकाळ? सकाळी गर्दी नसते, मुले ताजीतवानी असतात, असे म्हणून माझा कल सकाळकडे होता. परंतु डिसेंबरच्या मध्यावर सूर्य उगवतो सातच्या सुमारास, आणि त्या दिवसांत निफाडचा घसरलेला पारा रोज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो. तशा थंडीत मुलांना सहा वाजता उठवायचे, स्वेटर घालून न्यायचे आणि फोटोपुरते स्वेटर काढायचे, म्हणजे फोटोभर लाल नाके आणि पुढचा आठवडा खोकला. सासूबाईंनी हा बेत एका वाक्यात मोडीत काढला. संध्याकाळचे गणित जमणारे होते: धाकटा एक ते तीन झोपतो, उठल्यावर अर्धा तास मांडीवरून उतरत नाही, मग दूध-केळे होते आणि चारनंतर तो माणसांत येतो. सूर्य मावळणार सहाच्या आसपास. म्हणून चार वाजता जागेवर पोहोचायचे, पावणेपाचला सुरुवात करायची, आणि मधला पाऊण तास मुद्दाम मोकळा सोडायचा. हा मोकळा पाऊण तास मला तेव्हा वेळेची उधळपट्टी वाटला होता, आणि मी तो कमी करण्यासाठी हुज्जतही घातली होती, हे इथे नमूद केलेले बरे.

जागेवरून घरात दोन संध्याकाळी चर्चा झाली. नवऱ्याला सोमेश्वरचा धबधबा हवा होता. तो आमच्या गंगापूर रोडवरच्या घरापासून जवळ आहे, पण शनिवार-रविवारी तिथे असते ती गर्दी आणि खडकांची निसरड लक्षात घेता, अडीच वर्षांच्या मुलाचा हात एक क्षणही सोडता आला नसता. आणि हात धरून ठेवलेल्या मुलाचे निवांत फोटो कसे यायचे? सासऱ्यांनी पांडवलेणी सुचवली. त्यांच्या मनात तिथल्या पायथ्याचे दादासाहेब फाळके स्मारकही होते. मात्र लेण्यांपर्यंत चढायला बऱ्याच पायऱ्या आहेत, सासूबाईंचे गुडघे त्या चढू देणार नाहीत, आणि लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने साधी तिपाई उभी करायची, तरी परवानगी काढावी लागते.

माझ्या मनात गोदाघाट होता. सकाळच्या उन्हात नारोशंकराच्या देवळाचा दगड आणि पाण्यातले त्याचे प्रतिबिंब मला लहानपणापासून आवडते. एका सकाळी मी एकटीच पाहणी करायला गेलेसुद्धा. रामकुंडावर एक कुटुंब अस्थिविसर्जनासाठी आले होते. मुंडन केलेला, ओल्या धोतरातला, माझ्या नवऱ्याच्याच वयाचा एक माणूस पायरीवर नुसता बसला होता. लोक जिथे आपले माणूस निरोपाला आणतात, तिथे त्यांना आपल्या हसऱ्या फोटोची पार्श्वभूमी करणे मला प्रशस्त वाटले नाही. घाटावर फोटो काढणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. घाट मोठा आहे आणि बाजूला जागाही आहे. पण माझे मन तिथून उठले ते उठलेच.

शेवटी सोपे उत्तर घरातूनच आले. गोदावरी ओलांडून, मखमलाबादमार्गे मातोरीच्या बाजूला सासूबाईंच्या मामेभावाचा द्राक्षांचा मळा आहे. मुले तिथे वर्षातून चार-पाच वेळा जातात, मामींना ओळखतात, कोंबड्यांच्या मागे कुठवर धावायचे आणि विहिरीच्या बाजूला का जायचे नाही हे त्यांना पाठ आहे. नव्या जागी गेलेले मूल पहिला अर्धा तास नुसते बघत राहते किंवा आईला बिलगते, ओळखीच्या जागी ते थेट आपल्या कामाला लागते. छायाचित्रकार बाईंनी हे ऐकल्याबरोबर बाकीच्या सगळ्या जागांवर फुली मारली.

त्या आधी एकदा मळा बघून आल्या. मला वाटले होते, द्राक्षांच्या मांडवाखाली, हिरव्या घडांमध्ये मुले उभी करायची. नाशिकचे म्हणून यापेक्षा चांगले चित्र कोणते? त्यांनी मांडवाखाली मलाच उभे केले आणि मोबाइलवर फोटो काढून दाखवला. माझ्या तोंडावर उन्हाचे कवडसे पडून मी देवी आल्यासारखी दिसत होते. पानांतून झिरपणारा उजेड डोळ्यांना फार सुखाचा असतो, पण कॅमेऱ्याला गालावरचा पांढरा ठिपका आणि शेजारची गडद सावली एकाच वेळी सांभाळता येत नाही. शिवाय चहूकडून हिरवी पाने असली, तर त्यांचा हिरवा रंग चेहऱ्यावर उतरतो. त्यांनी निवडल्या त्या दोनच जागा: घराचा पश्चिमेकडचा ओटा, जिथे डोक्यावर पत्र्याची सावली आणि समोर उघडे आकाश आहे, आणि मळ्याच्या कडेचा आंब्याजवळचा बांध, जिथे वेलींच्या ओळी बऱ्याच मागे राहून नुसत्या हिरव्या पट्ट्यासारख्या दिसतात.

दुसरी अडचण मामांनी सांगितली, आणि ती आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबरात घड हिरवे असतात, मणी फुगत असतात आणि हवा जरा ढगाळ झाली की डावनी या वेलीवरच्या रोगाच्या भीतीने फवारणी करावी लागते. आम्ही ठरवलेल्या शनिवारच्या आधी बुधवारपासून आभाळ आले. गुरुवारी रात्री मामांचा फोन आला. ‘परवा सकाळीच फवारा मारायचाय. पोरांना घेऊन अजिबात येऊ नका, आणि पुढच्या आठवड्यात आलात तरी वेलीला हात लावू देऊ नका.’ त्यामुळे सगळे एक आठवडा पुढे गेले. द्राक्षबागेत फोटो काढायला जाणाऱ्यांनी बागाईतदाराला फवारणीचा दिवस विचारून मगच तारीख ठरवावी, आणि घड तोंडात घालणाऱ्या वयाचे मूल असेल तर ओळींमध्ये शिरूच नये, असे मी आता सगळ्यांना सांगते. फोटोत दिसणारे हिरवे घड खाण्याचे नसतात, हे शहरातल्या मुलांना, आणि खरे तर मोठ्यांनाही, ठाऊक नसते.

तारीख पुढे गेली ते कपड्यांच्या दृष्टीने पथ्यावर पडले, कारण तोवर त्यावर एकमत झाले नव्हते. सासूबाईंच्या मनात सगळ्यांना एकाच ताग्यातले शिवायचे होते, नवऱ्याला पांढरे शर्ट आणि निळ्या जीन्स हव्या होत्या, आणि सासऱ्यांचे म्हणणे होते की कपडे हे कपाटातच असतात. छायाचित्रकार बाईंनी यातून जो मार्ग काढला तो मला फार आवडला. घरातला सगळ्यांत देखणा आणि ज्याच्यात माणूस खरोखर सुखी असतो असा एक कपडा आधी निवडायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या आसपासचे रंग घ्यायचे. तो कपडा म्हणजे सासूबाईंची येवल्याची जांभळी पैठणी. पस्तीस वर्षांत धुऊन, घडी बदलून ती इतकी मऊ झाली आहे की त्या तीत घरच्यासारख्या वावरतात. मग मी फिकट बदामी साडी घेतली, नवऱ्याला करडा कुर्ता, लेकीला गुलाबी छटेचा सुती फ्रॉक आणि धाकट्याला मोतिया रंगाचा सदरा. लालभडक आणि पोपटी रंग त्यांनी टाळायला सांगितले, कारण मूल मांडीवर बसले की कपड्याचा भडक रंग त्याच्या हनुवटीवर उमटतो. बारीक, दाट रेघांचे शर्टही नकोत, त्या रेघा फोटोत लाटांसारख्या हलल्याचा भास होतो. छातीवर मोठी अक्षरे किंवा कार्टून असलेले कपडे तर मुळीच नकोत, पाहणाऱ्याचा डोळा चेहरा सोडून आधी तिथे जातो.

यात मी घातलेली भर एवढीच, की ठरलेले कपडे मुलांना आधी दोनदा धुऊन, एक-एक दिवस घरात घालायला दिले. धाकट्याच्या सदऱ्याच्या मानेमागचे लेबल त्याला टोचते हे त्यातच कळले, आणि ते मी उसवून टाकले. त्याचे चालताना पिकपिक वाजणारे बूट मात्र त्याने सोडले नाहीत. ते फोटोत ऐकू येत नाहीत, असे म्हणून आम्ही माघार घेतली.

तिटेचा प्रश्न वेगळाच होता. सासूबाईंना नातवाच्या गालावर ठसठशीत तीट हवी होती, इतकी माणसे आणि वर कॅमेरा रोखलेला म्हणजे दृष्ट लागणारच. मला ती कानामागे चालणार होती. दोन दिवस अबोल्याच्या काठावर काढल्यावर तळपायाला लावण्यावर तडजोड झाली. आता वाटते, गालावर लावली असती तर काय बिघडले असते? माझ्या लहानपणीच्या प्रत्येक फोटोत ती आहेच.

मुलांना आम्ही काय सांगितले, हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मागच्या वेळी महिनाभर ‘फोटो काढायचाय, तिथे शहाण्यासारखं वागायचं’ असे सांगून आम्ही लेकीच्या मनात परीक्षेची भीती घातली होती. या वेळी मुलांना एवढेच सांगितले, की मामाआजोबांच्या मळ्यात जायचे आहे आणि घरी चहाला आलेली मावशी तिथे कॅमेरा घेऊन येणार आहे. लेकीला मात्र एक अडचण होती. तिचे पुढचे दोन दात पडले होते आणि शाळेत कोणीतरी ‘खिडकी उघडी’ म्हणून चिडवल्यापासून ती ओठ मिटून हसत होती. मी समजूत घालायला गेले तर ती अधिकच मिटली. तेव्हा त्या विषयावर कोणीच काही बोलायचे नाही, असे ठरले.

खरी तालीम लागली ती मोठ्यांना. छायाचित्रकार बाईंनी तीन अटी घातल्या होत्या. कॅमेऱ्यामागे उभे राहून मुलाला हाक मारायची नाही, कारण मग त्याची नजर भिरभिरते आणि एकाही फोटोत ती ठिकाणावर नसते. ‘हस’ म्हणायचे नाही. आणि मूल रडले तर ‘फोटो खराब होतोय’ असे म्हणायचे नाही. आम्ही आठवडाभर घरात मोबाइलवर फोटो काढताना या अटी पाळून बघितल्या, आणि ‘हस’ हा शब्द आपल्या तोंडून दिवसातून किती वेळा जातो हे ऐकून मी चकित झाले. सासूबाईंनी तर शब्द टाळून नुसते दात दाखवायला सुरुवात केली होती.

सासऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. सारा जन्म नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी केलेली. तिथली शिस्त अंगात इतकी मुरलेली, की कॅमेरा दिसला की खांदे मागे, हनुवटी वर, ओळखपत्राचा फोटो तयार. ‘आबा, थोडे सैल उभे राहा,’ म्हटले की ते सैलसुद्धा सावधानमध्येच उभे राहतात. बाईंनी त्यांना काही शिकवले नाही. त्या दिवशी त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या, एवढेच त्या मला म्हणाल्या.

पिशवी भरण्याचे काम मी आदल्या रात्री केले. केळी, चुरमुरे, बिया काढलेला खजूर, पाणी, ओले रुमाल, दोघांचा एकेक जादा जोड आणि धाकट्याची झोपायची चादर. चॉकलेट नाही, रंगीत गोळ्या नाहीत, कारण निळी जीभ पुसता येत नाही. नवऱ्याने मोठ्यांसाठी म्हणून चिवडा घेतला होता. तो मी काढून ठेवला, मसाल्याची बोटे आणि मोतिया सदरा यांचे नाते मला ठाऊक आहे. एक संदेशही तेव्हाच लिहून पाठवला: मुलांचे फोटो छायाचित्रकारांनी आपल्या जाहिरातीसाठी कुठेही टाकू नयेत. त्यांनी लगेच होकार कळवला. हे आधी आणि लिहून ठरवलेले चांगले, नंतर संकोच वाटतो.

आणि मग तो शनिवार उजाडला, आणि दुपारी एक वाजता, धाकट्याला थोपटायला घेतल्या क्षणी, न कळवता पाहुणे आले. धुळ्याहून आलेले, लग्नाची पत्रिका द्यायला. त्यांना काय सांगणार? चहा झाला, जुन्या ओळखी निघाल्या, धाकट्याने पाहुण्यांसमोर आपले सगळे खेळ करून दाखवले आणि तीन वाजून गेले तरी टक्क जागा राहिला. गाडी गोदावरीवरच्या पुलावर येते न येते, तो त्याची मान कलली. चार वाजता आम्ही मळ्यात पोहोचलो तेव्हा तो गाढ झोपेत होता, आणि तीन आठवड्यांच्या माझ्या वेळापत्रकाचे तीन तेरा वाजले होते.

मी कासावीस झाले. त्याला उठवावे, तोंड धुवावे, निदान सगळ्यांचा एक फोटो तरी आधी उरकावा, असे माझे चालले होते. बाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘पावणेपाचपर्यंत वेळ आपलाच आहे. झोपू दे.’ ज्या मोकळ्या वेळेवरून मी हुज्जत घातली होती, तो असा उपयोगी पडला. गाडीची काच अर्धी खाली करून, चादर त्याच्या अंगावर घालून मी तिथेच बसून राहिले, आणि बाकीचे काम माझ्यावाचून सुरू झाले.

जे झाले ते मी गाडीतून पाहिले. मामींनी ओट्यावर वाटाण्याच्या शेंगांची टोपली आणून ठेवली होती. आबा खाली बसले, लेक शेजारी बसली, आणि दोघे शेंगा सोलू लागले. आबांच्या हातांना काम मिळाल्याबरोबर त्यांचे खांदे आपोआप उतरले. थोड्या वेळाने त्यांनी नातीला फाळक्यांची गोष्ट सुरू केली. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस, १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी पैसे घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित करत बसला होता, आणि पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. ‘म्हणजे वाटाण्याचाच आधी फोटो काढला?’ लेकीने विचारले. ‘हो, आणि त्याला कोणी हस म्हणालं नाही,’ आबा म्हणाले. ती जी हसली ती तोंडावर हात धरून, खिडकी झाकत. आबांनी कवळी क्षणभर जिभेने पुढे ढकलून आत घेतली आणि त्यांनीही तोंडावर हात धरला. बाई बऱ्याच लांब, आंब्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी नंतर सांगितले की अशा वेळी त्या ८५ मिलिमीटरचे भिंग वापरतात, म्हणजे जवळ न जाताही चेहरा मोठा मिळतो आणि माणसांना कॅमेऱ्याचा विसर पडतो.

चार चाळीसला धाकटा उठला आणि अपेक्षेप्रमाणे रडला. त्याला कोणी गप्प केले नाही. दूध झाले, केळे झाले, मांडीवर बसून त्याने कोंबड्या मोजल्या, त्याच्या हिशेबात सगळ्याच ‘दोन’ होत्या. पाच वाजून गेल्यावर तो स्वतःहून उतरला आणि पिकपिक करत बांधाकडे निघाला. तिथून पुढची पन्नासेक मिनिटे बाई अर्धा वेळ जमिनीवर बसून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढत होत्या. धावणाऱ्या मुलासाठी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके तरी वेगवान ठेवावे लागते, नाहीतर हातपाय पुसट येतात, आणि उजेड उतरत गेला की ते कठीण होते, म्हणून धावण्याचे खेळ आधी आणि बसण्याचे नंतर, असा त्यांचा क्रम होता. आजीच्या कानात गुपित सांगणे, बाबाला ढकलून पाडणे, आपडी थापडी. सगळ्यांचा एकत्र फोटो त्यांनी मध्येच, आम्हाला कळू न देता उरकला: धाकट्याला चुरमुऱ्यांचा बकाणा भरवायला सगळे ओट्यावर गोळा झालो तेव्हा. ‘आता एकदा इकडे बघा,’ एवढेच त्या म्हणाल्या. सहांपैकी पाच जणांनी बघितले.

सूर्य गेल्यावर हवेत एकदम गारठा आला. मामींनी चहा ठेवला, मुलांना स्वेटर चढवले, आणि मी पायातल्या चपलांतून गोखरू काढत बसले. बांधावर अनवाणी फिरण्याचा माझाच हट्ट होता, तो दोन फोटोंपुरताही टिकला नव्हता.

बारा दिवसांनी निवडलेले साठेक फोटो आले. आम्ही त्यांच्या प्रती लगेच दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या, कारण लेकीच्या बारशाचे सगळे फोटो एका बिघडलेल्या हार्ड डिस्कसोबत गेले आहेत. ओट्यावरचा सहा जणांचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लागला. त्यात धाकट्याचे गाल चुरमुऱ्यांनी फुगलेले आहेत आणि तो कोंबडीकडे बघतो आहे. सासूबाईंना तो धड वाटला.

आबांनी मात्र चार बाय सहाच्या साध्या प्रती वेगळ्या करून घेतल्या. त्यांच्या जुन्या अल्बममध्ये प्रेसच्या क्वार्टर्सपुढे काढलेले, छत्तीस फोटोंच्या फिल्म रोलमधले फोटो आहेत, आणि त्यांतली अर्धी माणसे आता कोणालाच ओळखू येत नाहीत, कारण मागे कोणी काही लिहिले नाही. म्हणून एका रविवारी दुपारी ते टेबलाशी बसले आणि प्रत्येक प्रतीच्या मागे, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो म्हणून मऊ पेन्सिलीने, तारीख, मळ्याचे ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे लिहून काढली. गाडीच्या काचेतून काढलेल्या, मला माहीतही नसलेल्या एका फोटोच्या मागे त्यांनी माझे नाव लिहिले आहे, त्याखाली नातवाचे, आणि नातवाच्या नावापुढे कंसात ‘गाढ झोपेत, कारण धुळ्याचे पाहुणे’.